वेलीचं लाकूड कुठून आलं? संकल्पना शिकवताना डिजिटल ग्रंथालयाचा उपयोग

द्राक्षवेलींची गोडी छाटणी उरकली की नाशिक जिल्ह्यात आमच्या दिंडोरीकडच्या बागांच्या बांधावर काड्यांचे ढीग लागतात. गेल्या ऑक्टोबरात त्यातली एक मोळी मी नववीच्या वर्गात नेली, टेबलावर आपटली आणि विचारलं, "हे लाकूड कुठून आलं?"

"आमच्याच बागेतून, मॅडम."

हसून झाल्यावर मी प्रश्न नीट मांडला. एप्रिलात खरड छाटणी झाली तेव्हा या काड्या नव्हत्याच. सहा महिन्यांत एवढं लाकूड तयार झालं. मग हा माल आणला कुठून वेलीनं?

"खतातून," मागच्या बाकावरून उत्तर आलं. "बारा-एकसष्ट सोडतो ना आम्ही ड्रिपमधून. उगाच का एवढा खर्च करतात पप्पा?" दुसरा म्हणाला, जमिनीतून. एक मुलगी म्हणाली, पाण्यातून. हवेचं नाव एकाही पोरानं काढलं नाही.

आता गंमत पाहा. त्याच आठवड्यात मी चाचणीचे पेपर तपासले होते. कार्बन डायऑक्साइड अधिक पाणी, बाणावर सूर्यप्रकाश आणि हरितद्रव्य, पुढे ग्लुकोज आणि ऑक्सिजन. हे समीकरण बहुतेकांनी बिनचूक लिहिलं होतं. म्हणजे कार्बन हवेतून येतो हे पोरांच्या वहीत होतं, डोक्यात नव्हतं. डोक्यात बारा-एकसष्टच होतं.

वही आणि डोकं यांच्यातल्या या फटीत काय भरायचं आणि ते शोधायचं कुठे, हा या लेखाचा विषय. डिजिटल ग्रंथालयं आज फुकट आणि मुबलक आहेत, पण आपण ती धड्याच्या नावानं उघडतो. मला ती तशी फारशी उपयोगी पडली नाहीत. 'पोराचं नेमकं कुठे अडलंय' या नावानं उघडायला लागले, तेव्हा पडली.

माहिती वेगळी, संकल्पना वेगळी

'पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं' ही माहिती झाली. 'उकळताना उष्णता देत राहिलो तरी तापमान वाढत नाही, कारण ती उष्णता कणांना एकमेकांपासून सोडवण्यात खर्च होते' ही संकल्पना. माहितीला एकच प्रश्न विचारता येतो. संकल्पना मात्र नव्या ठिकाणी लावून पाहता येते. कुकरला लावा, घामाला लावा, माठाला लावा.

संकल्पना सुट्या नसतात, त्या एकमेकींच्या खांद्यावर उभ्या असतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६८ मध्ये मांडलं की शिकण्यावर सगळ्यात जास्त परिणाम कशाचा होत असेल, तर शिकणाऱ्याला आधीपासून काय ठाऊक आहे याचा. ते आधी शोधा आणि त्यावरून शिकवा. हाच धागा पकडून कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात संकल्पना-नकाशे काढायला सुरुवात केली. चौकटीत संकल्पना, चौकटी जोडणारी रेघ आणि रेघेवर 'मुळे', 'पासून', 'चा प्रकार' असे जोडशब्द. आपल्याकडे शाळांच्या भिंतींवर हे नकाशे दिसतात, पण बरेचदा रेघांवर काहीच लिहिलेलं नसतं. मग तो नकाशा नुसता शोभेचा उरतो, कारण समज त्या रेघेवरच्या शब्दात असते.

आधीपासून 'ठाऊक' असलेलं चुकीचंही असतं, आणि ते फार चिवट असतं. १९८७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाच्या दिवशी विद्यार्थी आणि प्राध्यापक मिळून २३ जणांना ऋतू का होतात असं कॅमेऱ्यासमोर विचारलं गेलं. २१ जणांचं उत्तर चुकलं. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते, हे त्यातलं नेहमीचं उत्तर. आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना हे खोडून दाखवणं मात्र सोपं आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ, सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. त्या आठवड्यात निफाडला काय परिस्थिती असते? पहाटे बागेत शेकोट्या! आणि जुलैच्या सुरुवातीला ती सर्वात लांब, १५ कोटी २० लाख किलोमीटरवर असते. एवढं सांगितलं की वर्गात शांतता पसरते. पृथ्वीचा कलता अक्ष शिकवायची वेळ ती. त्याआधी शिकवला तर तो पाठ होतो, पटत नाही.

एक पुस्तक, एकच फळी

आता ग्रंथालयाकडे वळू. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं. आम्ही त्याला 'सावाना' म्हणतो. अशा कुठल्याही ग्रंथालयात एका पुस्तकाची प्रत एकाच फळीवर उभी राहू शकते. मेलविल ड्युई यांनी १८७६ मध्ये दशांश पद्धत आणली. त्यात ५०० च्या घरात विज्ञान, ५३० ला भौतिकशास्त्र, ५८० ला वनस्पती. पण वेलीच्या लाकडाचं पुस्तक कुठे ठेवाल? वनस्पतीत, रसायनात की शेतीत? ग्रंथपाल विचार करून एक फळी ठरवतो आणि बाकीच्या वाटांनी येणाऱ्याला ते सापडत नाही.

या अडचणीवर सगळ्यात देखणा विचार केला तो आपल्या एस. आर. रंगनाथन यांनी. मूळचे मद्रासचे गणिताचे प्राध्यापक. लंडनला ग्रंथालयशास्त्र शिकत असताना त्यांनी एका दुकानात मेकॅनोचं खेळणं पाहिलं. त्याच त्या पट्ट्या आणि त्याच स्क्रूंपासून दर वेळी नवं काहीतरी तयार होतं. त्यांच्या डोक्यात आलं की विषयाचंही असंच करावं. तयार कप्पे न ठेवता सुटे तुकडे ठेवावेत आणि लागतील तसे जोडावेत. १९३३ मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत छापून आली. आज संगणकावर आपण 'इयत्ता आठवी', 'मराठी', 'व्हिडिओ', 'उष्णता' अशा चार खुणा करून शोधतो, त्यामागचा विचार याच जातीचा.

डिजिटल ग्रंथालयात वस्तू एकच असते, पण तिला हव्या तितक्या चिठ्ठ्या लावता येतात. या चिठ्ठ्यांना मेटाडेटा म्हणतात. शब्द बोजड आहे. अर्थ एवढाच की वस्तूबद्दलची माहिती: कोणी केली, कधी, कुठल्या भाषेत, कुठल्या वयासाठी, हक्क कोणाचा. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी तज्ज्ञ जमले आणि चिठ्ठीवर किमान काय असावं हे ठरवायला बसले. त्यातून आलेल्या 'डब्लिन कोअर' या नमुन्यात आज १५ रकाने आहेत. ग्रंथालयं एकमेकांशी बोलू शकतात ती अशा ठरलेल्या रकान्यांमुळे.

पण त्या १५ रकान्यांत 'इथे पोर काय चुकीचं समजून बसलेलं असतं' असा रकाना नाही. आम्हा शिक्षकांना हवा असतो नेमका तोच.

त्याच्या सगळ्यात जवळ जाणारा एक प्रयत्न अमेरिकेत झाला. १९८५ मध्ये, हॅलेचा धूमकेतू आलेला असताना, तिथल्या 'अमेरिकन असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ सायन्स' या संस्थेनं विज्ञान शिक्षणाचा एक दीर्घ पल्ल्याचा प्रकल्प सुरू केला आणि त्याला नाव दिलं 'प्रोजेक्ट २०६१'. धूमकेतू पुन्हा येईल तोवर पोरांना काय समजलेलं असावं, असा हिशेब. कुठल्या इयत्तेपर्यंत कुठली संकल्पना यावी याची मांडणी त्यांनी १९९३ मध्ये केली आणि २००१ मध्ये तिचे नकाशे छापले. नकाशा खालून वर वाचायचा. तळाला बालवाडी-दुसरीच्या साध्या कल्पना, वर बारावीच्या, आणि मधे बाण. पुढे अमेरिकेच्या 'नॅशनल सायन्स डिजिटल लायब्ररी'नं याच नकाशांवर आपला संग्रह बसवला. नकाशातल्या एका चौकटीवर टिचकी मारली की त्या संकल्पनेसाठी उपयोगी पडणारं साहित्य समोर यायचं. म्हणजे ग्रंथालयाची फळीच मुळी संकल्पनेच्या नावाची झाली.

ही कल्पना मला फार आवडते. आपल्याकडे तयार नसली तरी वही-पेन्सिलीनं तिची गावठी आवृत्ती करता येते. ती कशी, ते वेलीच्या लाकडावरूनच सांगते.

एक पायरी खाली

माझी पहिली चूक सांगून टाकते. 'खतातून' हे उत्तर ऐकल्यावर मी रात्री घरी 'प्रकाशसंश्लेषण' असं शोधलं. पन्नासेक व्हिडिओ आले. हिरवं पान, पिवळा सूर्य, आत जाणारे बाण, बाहेर येणारे बाण. त्यातले चांगले चार मी दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टरवर दाखवले. पोरं खूश. तास संपताना पुन्हा काडी उचलून विचारलं, कुठून आलं? "खतातून."

रिकाम्या तासाला बसून मग मी कागदावर शिडी काढली. सगळ्यात वर लिहिलं, 'वेलीच्या लाकडातला कार्बन हवेतला आहे.' हे पटायला त्याखाली काय पटलेलं हवं? 'वायूपासून घन पदार्थ होऊ शकतो.' त्याखाली? 'वायू हासुद्धा पदार्थच आहे.' त्याच्याही खाली, 'हवेला वजन असतं.' दुसऱ्या दिवशी वर्गात फक्त तळाची पायरी विचारली. या वर्गात किती किलो हवा असेल? कोणी शून्य म्हणालं, कोणी शंभर ग्रॅम. एक धीट पोरगा "पाच किलो?" म्हणाला आणि बाकीचे त्याला हसले.

वर्ग मोजला. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच, म्हणजे १६८ घनमीटर. समुद्रसपाटीला एक घनमीटर हवा साधारण १.२ किलो भरते. आपण सुमारे ६०० मीटर उंचीवर, तेव्हा १.१ धरू. गुणाकार १८५ किलो. युरियाच्या गोण्यांच्या भाषेत चार गोण्या.

"मॅडम, चार गोण्या हवा?"

अडलं होतं ते इथे. ज्या पोराच्या लेखी हवा म्हणजे 'काही नाही', त्याला 'काही नाही'पासून लाकूड झालं असं सांगून ते पटणार कसं? त्याचं 'खतातून' हे उत्तर त्याच्या परीनं शहाणपणाचंच होतं, कारण खताचं वजन त्यानं स्वतःच्या पाठीवर वाहिलेलं आहे.

तेव्हा शोधायचा शब्द 'प्रकाशसंश्लेषण' नव्हताच. तो होता 'हवेचे वजन', 'हवा जागा व्यापते'. हे सहसा खालच्या वर्गांच्या कप्प्यात असतं, त्यामुळे नववीचा शिक्षक तिकडे फिरकतही नाही.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. 'हवेला वजन असतं' दाखवायला काडीच्या तराजूला दोन फुगे बांधून एक फोडण्याचा प्रयोग ठिकठिकाणी सापडतो. प्रयोग खरा आहे, पण बऱ्याच ठिकाणी कारण अर्धवट सांगितलेलं असतं. हवेत बुडालेल्या फुग्याला हवाच वर उचलत असते. साध्या पिशवीत सैलसर हवा भरून तोलली तर तराजू हलणारच नाही. फुगवलेल्या फुग्यात हवा दाबून भरलेली, म्हणून बाहेरच्यापेक्षा थोडी दाट असते. तराजू हलतो तो त्या जादा हवेमुळे, आणि तोही इतका कमी की मागच्या बाकाला दिसतही नाही. मी फुटबॉल वापरते. जेमतेम गोल झालेला फुटबॉल स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवायचा, आकडा फळ्यावर लिहायचा, मग पंपानं कडक होईस्तोवर हवा भरायची आणि पुन्हा ठेवायचा. तीन-चार ग्रॅम वाढतात. आकडा बदलताना पोरं काट्यावर अशी वाकतात की काट्यालाच श्वास लागतो.

सांगायचा मुद्दा असा की ग्रंथालयात सापडलं म्हणजे ते बरोबर असतंच असं नाही. प्रयोग आधी आपण करून पाहायचा, मगच वर्गात न्यायचा.

तळाची पायरी पक्की झाल्यावर वरच्या दोन भराभर चढल्या. यान बाप्टिस्टा फान हेल्मोंट या फ्लेमिश माणसाची हकीकत मी तेव्हा सांगितली. त्यानं कुंडीत साधारण ९० किलो वाळवलेली माती भरली, त्यात सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड सुमारे ७७ किलोचं झालं आणि माती घटली जेमतेम ५७ ग्रॅम. हे त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापून आलं. खतवाल्या बाजूचा चेहरा ५७ ग्रॅम ऐकून उतरला. हेल्मोंटनं मात्र निष्कर्ष काढला की झाड सगळं पाण्यापासून झालं. आमच्या वर्गातल्या त्या एका मुलीचंच उत्तर! आणि दैव असं की 'गॅस' हा शब्दच मुळी या माणसाचा. लाकूड जळताना निघणाऱ्या वायूला त्यानं नाव दिलं, तोच आपला कार्बन डायऑक्साइड, आणि त्याच वायूपासून आपल्या कुंडीतलं झाड वाढलं हे त्याला उमगलं नाही.

मग एका मुलीनं खरा अवघड प्रश्न टाकला. "पण मॅडम, हवेत कार्बन डायऑक्साइड किती थोडा असतो. पुरतो कसा?" आम्ही हिशेब मांडला. हवेत तो आकारमानानं साधारण ०.०४ टक्के. आमच्या वर्गातल्या १८५ किलो हवेत मिळून सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. वाळलेल्या लाकडात जवळपास निम्मा कार्बन असतो. एक किलो वाळलेलं लाकूड करायला पावणेदोन किलोपेक्षा थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड लागेल, म्हणजे अडीच हजार घनमीटरहून अधिक हवा. असे पंधरा-सोळा वर्ग. बागेत वारा वाहतो, हवा बदलत राहते आणि पानं दिवसभर त्यातून वेचत राहतात. खत लागतंच, पण ते मालाचा लहानसा भाग पुरवतं. किती लहान, ते पाहायला काड्या घरी चुलीत जाळून राख तोला म्हटलं. मोळीची राख ओंजळभरसुद्धा भरली नाही. राख म्हणजे जमिनीतून आलेले क्षार. नत्र मात्र धुरातून निघून जातं, तेव्हा हा हिशेब अगदी काटेकोर नाही, हेही सांगून टाकलं.

कुठे काय मिळतं

हे सगळं उभं करायला मला चार-पाच ठिकाणी जावं लागलं. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

'दीक्षा' हे केंद्र सरकारचं शालेय साहित्याचं डिजिटल व्यासपीठ २०१७ मध्ये आलं. बालभारतीच्या पुस्तकांतला क्यूआर कोड स्कॅन केला की तुम्ही त्यातच पोचता. धडा चालू असताना सोयीचं, पण त्याची रचना धड्याप्रमाणे असते. नववीच्या कोडवरून तुम्ही खालच्या पायरीवर उतरत नाही, त्यासाठी खालच्या इयत्तेचं पुस्तकच उघडावं लागतं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. माझ्या फोनमध्ये पाचवीपासूनची विज्ञानाची सगळी आहेत, आणि खरं सांगू, संकल्पनेची शिडी काढायला त्यांच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

'नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' हा आयआयटी खरगपूरनं उभा केलेला प्रकल्प २०१८ मध्ये देशासाठी खुला झाला. हा महासागर आहे. प्राथमिक शाळेपासून संशोधनापर्यंत सगळं एका खिडकीत, त्यामुळे गाळण्या न लावता शोधलंत तर आठवीच्या पोरासमोर पीएचडीचा प्रबंध येतो. भाषा, शैक्षणिक स्तर, साहित्याचा प्रकार या गाळण्या आधी लावायच्या, शब्द नंतर टाकायचा. हेही लक्षात ठेवा की पुष्कळ गोष्टी तिथे साठवलेल्या नसतात. तिथे चिठ्ठी असते आणि वस्तू मूळ संस्थेकडे.

'फेट' हे मात्र शुद्ध संकल्पनेचं ठिकाण. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये ते सुरू केलं. इथे व्हिडिओ नाहीत, हाताळायची खेळणी आहेत. घनतेचा ठोकळा पाण्यात सोडा, कण तापवा, मंडल जोडा. बरीचशी मराठीत आहेत. नव्या धाटणीची फाइल एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय ब्राउझरमध्ये चालते. आमच्या शाळेत रेंज पिंपळाच्या पारावर येते, वर्गात येत नाही, त्यामुळे ही सोय मला बाकी सगळ्या गुणांपेक्षा मोठी वाटते.

प्रयोगशाळेच्या प्रयोगांसाठी 'ओलॅब्स' आहे. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून खेळणी आणि मराठीसह अनेक भाषांतली विज्ञानाची पुस्तकं आहेत. आणि शब्दाचा नेमका अर्थ हवा असेल तेव्हा मराठी विश्वकोश. त्यातलं मराठी जड आहे, पोरांना थेट देऊ नये; शिक्षकानं स्वतःसाठी वाचावं.

आपल्या भाषेचे खड्डे

मराठीतून शोधताना एक वेगळीच गंमत होते. 'उष्णता' टाका, की अंगातली उष्णता कमी करायचे घरगुती उपाय समोर येतात. सब्जा, गुलकंद, कांद्याचा रस. हसण्यावारी नेऊ नका, वर्गातल्या पोराच्या डोक्यातही 'उष्णता' म्हणजे तेच असतं. पपई उष्ण, काकडी थंड. त्याला 'उष्णता आणि तापमान यांतला फरक' सांगण्याआधी, पपई आणि काकडी एका टेबलावर रात्रभर ठेवून सकाळी दोन्हींत तापमापी खुपसून दाखवावी लागते.

'दवबिंदू'चंही तसंच. निफाडला पारा घसरला की 'दवबिंदू गोठले' अशा बातम्या येतात. तिथे दवबिंदू म्हणजे दवाचा थेंब. पाठ्यपुस्तकातलं 'दवबिंदू तापमान' म्हणजे ज्या तापमानाला हवा बाष्पानं संपृक्त होते ते. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांत पोर चेंगरतं.

त्यात हिंदी साहित्य मराठीच्या गाळणीतून निसटून येतं. आपलं 'वस्तुमान' तिकडे 'द्रव्यमान', आपली 'घनता' तिकडे 'घनत्व', आपलं 'बाष्पीभवन' तिकडे 'वाष्पीकरण', आपला 'अप्रकट उष्मा' तिकडे 'गुप्त ऊष्मा'. शोधताना दोन्ही शब्द टाकून पाहावेत, पण फळ्यावर आपलाच लिहावा. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत, शंका आली की तिथे पाहते.

अप्रकट उष्मा, म्हणजे गोठताना किंवा उकळताना तापमान न बदलता दिली-घेतली जाणारी उष्णता, आला आहे तर थोडं थांबते. थंडीच्या लाटेत पहाटे बागेला पाणी का सोडतात? पोरं सांगतात, "मणी तडकू नयेत म्हणून." आणि पाण्यानं काय होतं? "गारवा कमी होतो." पाण्यानं गारवा कमी होतो हे बोलता बोलता त्यांनाच विचित्र वाटायला लागतं. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं आणि निवताना दर ग्रॅमला, दर अंशाला एक कॅलरी सोडत जातं. गोठायची वेळ आलीच तर तोच एक ग्रॅम ८० कॅलरी बाहेर टाकतो. गोठणारं पाणी उष्णता देतं! हे वाक्य ऐकून ज्याच्या कपाळावर आठी पडत नाही त्यानं ते ऐकलेलंच नसतं. याच जागी मी 'फेट'वरचं कणांचं खेळणं उघडते. आधी वहीत लिहायचं, थंड केल्यावर कण काय करतील. मग पाहायचं. मग शेजाऱ्याला समजवायचं. वहीत आधी लिहिल्याशिवाय पडदा उघडायचा नाही, हा माझा एकमेव कडक नियम आहे. आधी अंदाज बांधलेला नसेल तर पोर कितीही सुंदर चित्र पाहून म्हणतं, "हां, मला हेच वाटलं होतं."

चपलांच्या खोक्यातलं ग्रंथालय

माझी स्वतःची सूची चपलांच्या खोक्यात आहे. प्रत्येक संकल्पनेला एक कार्ड. वर संकल्पना एका वाक्यात. त्याखाली पोरांच्या तोंडचं चुकीचं उत्तर, त्यांच्याच शब्दांत: 'खतातून'. मग खालची पायरी कुठली, आणि शेवटी साहित्य: कुठल्या संग्रहात, कुठल्या नावानं, पेन ड्राइव्हवर आहे की नाही, किती मिनिटांचं, कुठे थांबवून प्रश्न विचारायचा. आणि हक्क. मोफत मिळतं म्हणजे वाटेल तसं वाटता येतं असं नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सची खूण असेल तर श्रेय देऊन वापरता येतं, कापाकापी किंवा विक्रीला परवानगी आहे का ते त्या खुणेतच लिहिलेलं असतं.

पहिल्या वर्षी बारा कार्डं झाली. साहित्य शेकड्यांनी गोळा केलं होतं, पण कार्ड लिहिण्याइतकं तपासलेलं तेवढंच. तालुक्यातल्या दोन शिक्षिका आता आपापली कार्डं लिहितात आणि आम्ही व्हॉट्सॲपवर फोटो धाडतो. एकीच्या शाळेत 'खतातून'ऐवजी 'झाड मुळांनी जेवतं' हे उत्तर आलं. माझ्या कार्डावर तेही लिहून ठेवलं आहे.

परवा बारा-एकसष्टवाला पोरगा तास संपल्यावर घोटाळत थांबला.

"मॅडम, कांद्याच्या चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा घटतो. पप्पा घट धरूनच भाव काढतात. ते वजन कुठं जातं? तेपण हवेतच का?"

खोक्यात 'हवेतून येतं' असं कार्ड होतं, 'हवेत जातं' असं नव्हतं. बरंचसं पाणी उडून जातं आणि कांदाही श्वास घेतो, त्यातून थोडा कार्बन डायऑक्साइड जातो, एवढं मी सांगितलं. किती ते मोजायला तो दुसऱ्या दिवशी जाळीच्या पिशवीत पाच कांदे घेऊन आला. पिशवी प्रयोगशाळेच्या खिडकीला टांगली आहे. पहिल्या सोमवारी काट्यावर ६४२ ग्रॅम भरले. दुसऱ्या सोमवारी ६३५.